वन्संबद्दल चार शब्द

हॉटेलच्या लाँड्रीत तिला सगळे 'डिक्शनरी' म्हणत, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडायचं. संध्याकाळच्या वर्गातल्या बाईंनी अवघड इंग्रजी क्रियापदांचं जाडजूड पुस्तक दिल्यापासून तर तिला शिंगंच फुटली होती. डाग नुसता निघत नसे, 'इरॅडिकेट' होत असे. एकेका क्रियापदाचे तीन-तीन अर्थ दिलेले असत; ती पहिला वाचायची आणि पुढच्या शब्दावर उडी मारायची.

ही नोकरी तिला थोरल्या नणंदेनं लावून दिली होती. वन्सं तिथंच इस्त्रीवर होत्या. बोलणं कमी, पण नजर घारीची. प्रत्येक चादर उजेडासमोर धरून बघायच्या आणि डाग दिसला की परत धुवायला पाठवायच्या, मग ती कुणी का धुतलेली असेना. सुपरवायझरची जागा रिकामी झाली तेव्हा ती त्यांनाच मिळणार, हे सगळे धरूनच चालले होते.

मॅनेजर मात्र नवे होते आणि त्यांना आपली भाषा येत नव्हती. त्यांनी डिक्शनरीला बोलावून विचारलं, या बाई काम कसं करतात? वन्सं दारातच उभ्या होत्या. त्यांच्यादेखत साधंसुधं बोलणं हिच्या जिवावर आलं. लक्ष ठेवणं, देखरेख करणं... पुस्तकातला एक शब्द झटकन आठवला. ओव्हरलुक. वरून पाहणं.

"सर, शी ओव्हरलुक्स एव्हरीथिंग," ती ठसक्यात म्हणाली.

मॅनेजरांच्या भुवया वर गेल्या. "एव्हरीथिंग?"

"ऑल्वेज, सर. स्टेन्स ऑल्सो."

मॅनेजरांनी गंभीरपणे मान हलवली. बाहेर आल्यावर वन्संनी विचारलं, काय सांगितलंस? ती म्हणाली, तुमचं काम झालंच म्हणून समजा.

जागा मिळाली कपडे वाळवण्याच्या मशीनवरच्या माणसाला. वन्सं 'नशिबात नव्हतं' एवढंच म्हणाल्या आणि पुढची चादर ओढून घेतली. हिनं घरी नवऱ्यासमोर मॅनेजरांचा यथेच्छ उद्धार केला.

मग एका संध्याकाळी वर्गात बाईंनी नेमकं तेच क्रियापद घेतलं. खिडकीतून बाग दिसते तिथं ते चालतं, त्या म्हणाल्या, पण माणसाच्या कामाबद्दल म्हटलं तर अर्थ होतो नजरेतून सुटणं, काणाडोळा करणं. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, आमचा चौकीदार तसाच आहे. सगळा वर्ग हसला. तिची कानशिलं तापली. पुस्तक उघडून पाहिलं, तर दुसरा अर्थ पहिल्याच्या खालीच छापलेला होता.

गप्प बसली असती तर कुणाला काही कळलंही नसतं. चार दिवस ती तशी बसलीही. पण दुपारी वन्सं आपल्या डब्यातली भाजी तिच्या ताटलीत वाढायच्या आणि ही ती कडेला सारून ठेवायची. शेवटी ती मॅनेजरांकडे गेली. त्या दिवशी एकही भारी शब्द तोंडातून फुटेना. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, मलाही तेव्हा नवलच वाटलं होतं. पण आता दिलेली जागा काढून कशी घेणार?

इस्त्रीच्या खोलीत दुसरं कुणी नाही असं बघून तिनं वन्संना सगळं सांगितलं. वन्संचा हात चादरीच्या घडीवर थांबला.

"चेक करते, एवढं म्हणाली असतीस तर?" त्या म्हणाल्या. "ते मलासुद्धा कळलं असतं गं. मी दारातच होते की."

"तुमच्यासमोर मिरवायचं होतं मला, वन्सं."

घडी पुरी करून वन्संनी ती चळतीवर ठेवली.

त्यांनी अबोला धरला नाही. भाजी वाढणंही सोडलं नाही. पण ऑफिसातून इंग्रजी नोटीस आली की त्या ती हातात धरून नव्या सुपरवायझरकडे जायच्या आणि तिचा अर्थ त्याला विचारायच्या. डिक्शनरी शेजारच्याच टेबलावर उशांचे अभ्रे मोजत असायची. त्यांनी आपल्याकडे वळून बघू नये असंच तिला वाटायचं, आणि त्या बघतही नसत.