व्हॅक्सडुकचा नवा अल्बम आणि मी

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे आणि सध्या मला माणसांची शिसारी आली आहे. अशा कहाणीची सुरुवात गोड करायची असते म्हणे. मला ते आता जमणार नाही.

माझा जन्म डेन्मार्कमधल्या एका कारखान्यात झाला, त्याला पन्नास वर्षं होत आली. सागवानी चौकट, वर काळं रबर, आणि उजव्या कोपऱ्यात वेगाचं एक छोटं बटण. तेहतीसवर ठेवलं की मोठ्या रेकॉर्डी वाजायच्या, पंचेचाळीसवर छोट्या. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या एका दुकानातून मला गुनवोरने घेतलं. दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामाला ती तेव्हा नुकतीच लागली होती. ट्राममधून तिने मला मांडीवर बसवून घरी आणलं. त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

मग व्हॅक्सडुक नावाचा बँड आला. एस्किल आणि त्याचा जोडीदार अशी दोनच माणसं. गिटार नाही, ढोल नाही, नुसते कीबोर्ड आणि वायरींचा गुंता. गाणंसुद्धा यंत्रातून गाळून यायचं, त्यामुळे गाणारा माणूस आहे की फ्रिज, तेच कळायचं नाही. गुनवोर त्यांच्यापायी वेडी झाली. रेकॉर्डच्या दुकानातल्या रांगेत तिला आणखी दोन वेडे भेटले, स्टाफान आणि तूरे. स्टाफान शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा. तूरे बंदरात क्रेन चालवायचा.

नवा अल्बम आला की तिघं शनिवारी दुपारी दोन वाजता माझ्यासमोर बसत. बूट दाराशी, तोंडं बंद. रेकॉर्ड संपली की प्रत्येकाने आपलं पहिलं मत चिठ्ठीवर लिहायचं आणि मगच बोलायचं. तिन्ही चिठ्ठ्यांचं मिळून गुनवोर एस्किलला एक पत्र लिहायची. एस्किलचं उत्तर पोस्टकार्डावर यायचं, एकदाही चुकलं नाही. ते दिवस चांगले होते. माझं कौतुकही व्हायचं.

पुढे एस्किलचा जोडीदार वारला. बारा वर्षं काहीच आलं नाही. मग गेल्या मार्चमध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, एस्किलने एकट्याने नवा अल्बम काढला.

स्टाफान तो दोन्ही हातांत धरून घेऊन आला. गुनवोरने कोळंबीची सँडविचं केली होती. रेकॉर्ड मोठी होती, पण वाजवायची होती पंचेचाळीसवर. लेबलवर मुंगीएवढ्या अक्षरांत तसं लिहिलं होतं. चष्मा कुणीच लावला नाही. मोठी म्हणजे तेहतीस, इतकी वर्षं तेच चालत आलं होतं. सुई टेकताच मला कळलं. गाणी माझ्या अंगावरून ओल्या घोंगडीसारखी फरफटत चालली आणि मला ओरडता येईना. आवाज यंत्राचाच, त्यामुळे त्यांना संशयही आला नाही.

"बारा वर्षं थांबायला लावून हे?" स्टाफान चिठ्ठी टाकत म्हणाला. "अगं, म्हातारा झोपेत बटणं दाबतोय."

"मला तर मळमळायला लागलंय," तूरे म्हणाला.

"चार सँडविचं हाणलीस, म्हणून मळमळतंय," गुनवोर म्हणाली. "पुन्हा एकदा लावू या का? कधीकधी पहिल्यांदा कानाला रुचत नाही."

"पहिलं मत तेच खरं. नियम तुझाच आहे ना?"

मग दोघं सुटले. रटाळ, शिळं, कुजकं. ऐकताना मख्ख बसलेले ते चेहरे नावं ठेवताना कसे उजळले, ते मी जवळून पाहिलं. मला किळस आली ती तेव्हा. पत्राची शेवटची ओळ स्टाफानने सांगितली, 'एस्किल, तुला थांबायचं कळत नसेल तर आम्ही सांगतो, थांब.'

"हे नको," गुनवोर म्हणाली.

"इतक्या वर्षांच्या ओळखीच्या माणसाशी खोटं बोलायचं का?"

तिने लिहिलं. जाताना तूरेने पत्र पेटीत टाकलं.

दहा दिवसांनी गुनवोर खिडक्या धूत होती. सोबतीला तिने एक जुनी छोटी रेकॉर्ड लावली, पंचेचाळीसवर. ती संपल्यावर, मनातून जात नसावं म्हणून, तिने एस्किलची रेकॉर्ड लावली आणि बटण फिरवायला विसरली. गाणं उठलं आणि धावत सुटलं. इतकं टवटवीत काही माझ्यावर कित्येक वर्षांत वाजलं नव्हतं. हातातलं ओलं फडकं जमिनीवर गळत होतं, तिला भान नव्हतं. मग तिने भिंग आणून लेबल वाचलं आणि स्टाफानला फोन लावला.

"आपण चुकीच्या वेगाने ऐकलं रे. ती पंचेचाळीसची आहे."

पलीकडून स्टाफान म्हणाला, "मग लेबलवर मोठं लिहायला काय झालं होतं?"

"अरे, आपण त्याला थांब म्हणून कळवलंय."

"आता परत लिहिलं तर आपलीच शोभा होईल. राहू दे. त्याला असली ढीगभर पत्रं येत असतील."

गुनवोरने फोन ठेवला आणि एकटीने पत्र लिहिलं. आम्ही मूर्ख आहोत, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. घरातल्या सपाता पायात तशाच ठेवून ती ते टाकून आली.

मे महिन्यात कार्ड आलं. तिने ते मोठ्याने वाचलं. 'प्रिय गुनवोर, दुसरं पत्र वाचून फार हसलो. या अल्बमबद्दल मला एकच पत्र आलं होतं, तुमचं. म्हणून ते खरं मानलं. सगळे कीबोर्ड त्याच आठवड्यात विकले. त्या खोलीत आता टोमॅटोची रोपं आहेत. एस्किल.'

त्या शनिवारी दोघं आले. या वेळी रेकॉर्ड नीट वाजली. सँडविच उचलत स्टाफान म्हणाला, "खरं सांगू? मला पहिल्याच वेळी यात काहीतरी जाणवलं होतं."

गुनवोरने त्याच्या बशीशेजारी कार्ड ठेवलं. त्याने ते वाचलं, सँडविच खाली ठेवलं आणि उठून बूट घालायला गेला.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल, सुई झिजली तर नवी मिळते. पण कुणाच्या मेहनतीवर थुंकायची घाई करू नका. आणि लिहायचंच असेल, तर त्याला आलेलं एकुलतं एक पत्र आपलंच असणार आहे, असं समजून लिहा.