रुमालाखालचा तिसरा हात

निजामाच्या अमदानीत वसमतच्या हळदीच्या बाजारात तोंडानं भाव बोलणारा माणूस एक तर परगावचा असायचा, नाहीतर खुळा. घेणारा नि विकणारा रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबायचे, की झाला सौदा. चारचौघांत कुणाची अब्रू जायची नाही. त्याच रुमालाखाली हळदीचा व्यापारी मार्तंडशेट याला वर्षभर एक तिसरा हात लागत होता.

थंडगार, ओला. शेट भावाची बोटं दाबायला गेला की तो हळूच मनगटावर यायचा आणि दाबायचा. शेट दचकून हात काढून घ्यायचा आणि सौदा फिसकटायचा.

हात कुणाचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. चाँद पाशाचा. वीस वर्षं तो शेटचा दलाल होता. शेटचं चुकतंय असं वाटलं तरी लोकांदेखत तो ब्र काढायचा नाही, नुसतं मनगट दाबायचा. ते ऐकलं म्हणून तर पेढी उभी राहिली. पण पेढी वाढली तशी शेटला शिंगंही फुटली. गेल्या आषाढात हट्टा गावाहून माल आणायचा होता आणि ओढ्याला पाणी चढलं होतं. "गाड्या उतरतील ना?" शेटनं विचारलं. सगळे म्हणाले, "व्हय मालक." असं विचारल्यावर नाही कोण म्हणणार? एकट्या चाँद पाशानं मनगट दाबलं. शेटनं सगळ्यांसमोर हात झटकला. पहिली गाडी चाँद पाशानंच पाण्यात घातली. बैल पोहून बाहेर आले, तो आला नाही.

यंदा शेटनं हळदीचा एकही ढीग घेतला नाही. चुकायला नको म्हणून काहीच ठरवायचं नाही, आणि वर त्याला शहाणपण म्हणायचं! हमाल रिकामे बसले. शेवटी त्यांचा म्होरक्या संतराम म्हणाला, "मालक, न्हाई तर न्हाई म्हणा, आमी दुसरं दार बघतो. पर सांजच्याला काय तरी सांगा."

त्या दुपारी शेट चाँद पाशाच्या घरी गेला. वर्षभर त्याचं धाडस झालं नव्हतं. पाशाची बायको मदीनाबी ओट्यावर डाळ पाखडत होती.

"भाभी, पाशा मला सोडत न्हाई. रोज मनगट धरतो. माफ कर म्हणा त्याला."

तिनं सूप खाली ठेवलं. "रोज? मंग ते आमचे न्हाईत, शेट. ते एकदाच सांगायचे. मलाबी. न्हाई ऐकलं तर दुसऱ्यांदा कधी बोलले न्हाईत. तुमचं भ्याव हाय ते. त्यांचं नाव काहून घेता?"

शेटनं विचारलं, "पाणी दिसत होतं, तर मग तो गेला काहून?"

"मीबी तेच इचारलं. निघायच्या आधी घरी भाकर खाऊन राहिले होते. म्हणले, न्हाई म्हणायचं ते म्या म्हणून झालं. आता शेटनं ठरवलं, म्हंजी माझंबी तेच ठरलं. चुकलंच, तर आधी मी जावं. गाडीवानांची लेकरं लहान हायेत."

मार्तंडशेट लहान पोरासारखा रडला. पेढीचा खरा मालक वीस वर्षं कोण होता, ते त्याला आज कळलं. ऊन कलत आलं होतं. संतराम पेढीवर वाट बघत बसला असेल, आणि त्याला उत्तर आता शेटला एकट्यालाच द्यायचं होतं.