जीपमधलं बिऱ्हाड

नारायण पेठेत एखाद्याचं वाटोळं झालं तर लोक हळहळतात, पण ते चारचौघांत दिसलं तर नाक मुरडतात. शरच्चंद्र आगाशे यांचा जन्मच तिथला, त्यामुळे हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. राहायला घर उरलं नाही, तेव्हा त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं की आपण जीप घेऊन लडाखला निघालोय. कॅम्पिंगला.

घर गेलं ते चारचौघांचं जातं तसंच गेलं. इमारत जुनी झाली, बिल्डर आला, पेढे वाटून गेला, इमारत पाडली. मग त्याच्या भागीदारांत जुंपली, प्रकरण कोर्टात गेलं आणि जागेवर राहिला एक खड्डा. पावसाळ्यात त्यात बेडूक ओरडायचे. बाकीचे भाडेकरू कोणी मुलाकडे गेले, कोणी जावयाकडे. शरच्चंद्रांना मूलबाळ नाही आणि पत्नी पद्मजाबाई आधीच गेलेल्या. जी शिल्लक होती ती त्यांच्या आजारपणाने खाल्ली. नोकरी आयुष्यभर एका कंत्राटदाराकडे, धरणांच्या कामावर, म्हणजे पेन्शनच्या नावाने शंख. कंत्राटदाराने गाशा गुंडाळताना हार, नारळ आणि साइटवरची जुनी फोर-व्हील जीप गळ्यात मारली होती, तेवढीच इस्टेट. मागच्या गल्लीत एक खोली घेऊन ते दिवस काढत होते. तीही आता मालकाला मुलाच्या लग्नासाठी हवी होती.

एवढं सगळं पेठेला माहीत नव्हतं. पेठेला फक्त हे कळता कामा नये, एवढंच आता शरच्चंद्रांच्या आयुष्यात उरलं होतं.

नाना पेठेत नासिरचं वर्कशॉप. पूर्वी तो टेम्पोंना हौदे बांधायचा. हल्ली आयटीतली पोरं दांडग्या गाड्या घेऊन येतात, मागची जागा झोपायला आणि स्वयंपाकाला करून मागतात, त्यावर त्याचं बरं चाललेलं. शरच्चंद्रांच्या जीपमधली मागची बाकडी त्याने काढली, खाली अँगल ठोकले, चाकांच्या कमानींच्या मधे दोन लांब खण बसवले आणि वर प्लायवूडची फळी टाकून झोपायची सोय केली. मागचं दार उघडलं की एक खण बाहेर सरकायचा, त्यात शेगडी.

"मस्त झालं काका," नासिर म्हणाला. "आता छताला दिव्यांची माळ सोडू का? सगळे मागतात."

"माझं काय लग्न आहे?"

"मग काय राहिलं सांगा."

शरच्चंद्रांनी मागच्या चाकाच्या वरचा कोपरा दाखवला. "इथे एक लहान फळी. पुढे कठडा पाहिजे, म्हणजे गाडी हलली तरी वस्तू पडायला नको. तोंड पूर्वेला."

"गाडीत पूर्व कुठली काका? गाडी वळली की पूर्व पण वळणार."

"मी वळवीन गाडी. तू फळी लाव."

"पण ठेवायचं काय?"

"देव."

नासिरने पेन्सिल कानामागे खोचली. "पोरं बिअरच्या फ्रिजला जागा मागतात," तो म्हणाला. "देवांची ऑर्डर पहिलीच."

"मग? देवांनी काय मागून एस्टीने यायचं?"

नासिर हसला आणि माप घ्यायला वाकला. त्याच्या मनात काही आलंही असेल. पण गिऱ्हाइकाला नको ते विचारलं की गिऱ्हाईक तुटतं, हे तोही जाणून होता. त्याने फळी लावली, कठडा लावला, पॉलिश मारलं.

आणि इथेच शरच्चंद्र फसले. आठ बाय चारच्या डब्यात अख्खं बिऱ्हाड कोंबण्याच्या नादात, पेठेतलं शेंबडं पोरही जे जाणतं ते हा माणूस विसरला. प्रवासाला निघालेला माणूस देव बरोबर नेत नाही. घरच्या देवांना रोज पाणी, गंध, फूल लागतं, म्हणून ते विश्वासाच्या शेजाऱ्याकडे ठेवून जायचं. पद्मजाबाई दोन दिवस गणपतीपुळ्याला निघाल्या तरी देवांचं तबक समोरच्या हेमा गोगट्यांच्या हातात देऊन जायच्या. देव हलवायचे ते एकदाच. बिऱ्हाड हलतं तेव्हा.

निघायच्या दिवशी सकाळी नदीकाठच्या रस्त्यावर जीपभोवती ही गर्दी. निवृत्त प्राध्यापक दीनानाथ साठे हार घेऊन आले होते.

"काय आगाशे! या वयात लोक वर जायला गाडी करत नाहीत. तुम्ही डिझेल जाळत निघालात."

"वरच्या पार्किंगला जागा आहे का ते बघून येतो," शरच्चंद्र म्हणाले. "तुमच्यासाठी पण रुमाल टाकून ठेवतो."

सगळे हसले. अनंत गोगट्यांनी नारळ फोडला. कोणीतरी फोटो काढला. शरच्चंद्रांना वाटलं, जमलं. अगदी ऐटीत जमलं. एवढ्यात हेमाताई दह्याची वाटी घेऊन आल्या. त्यांनी दही हातावर घातलं आणि म्हणाल्या, "भावोजी, देव कुठेत? मी सकाळपासून वाट बघत्येय. आमच्या देव्हाऱ्यात जागासुद्धा करून ठेवलीय."

शरच्चंद्रांच्या हातावरचं दही तसंच राहिलं.

"असू देत," ते म्हणाले. "म्हणजे... आहेत."

"आहेत कुठे? बघू तरी तुमचा थाट," असं म्हणत त्यांनी मागचं दार ओढलं.

आत कोपऱ्यात अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि शाळिग्राम ओळीने बसले होते. समोर पळी-पंचपात्र, सहाण, वातींचा डबा. बाजूला पद्मजाबाईंचा फोटो, चक्क स्क्रूने ठोकलेला. खणातून पोळपाट-लाटण्याचं टोक बाहेर आलेलं. एका खिळ्याला वीजबिलांची पिशवी. वीजबिलं लडाखला कोण नेतं?

हेमाताईंच्या मागून अनंतराव डोकावले. मग दीनानाथ. मग एकेक करून सगळेच. सगळ्यांना सगळं कळलं, आणि ते कळलंय हे शरच्चंद्रांनाही दिसलं.

त्या क्षणी, एवढी वर्षं जपलेली अब्रू जाऊ दे खड्ड्यात, असं त्यांच्या मनात आलं. कोणीतरी बोलावं. कोणीतरी म्हणावं, अहो आगाशे, हा काय वेडेपणा, उतरा खाली. गोगट्यांच्या मुलाची खोली, तो अमेरिकेला गेल्यापासून कुलपात होती. साठ्यांची तर वरची अख्खी जागा रिकामी. शरच्चंद्रांनी अनंतरावांकडे पाहिलं. सरळ पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदा मागितल्यासारखं पाहिलं.

अनंतरावांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"निघा आता," ते म्हणाले. "पुढे ट्रॅफिक लागेल."

"हो हो, उन्हाच्या आत निघालेलं बरं," दीनानाथ म्हणाले. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती, घाई होती.

हेमाताईंनी दार लावलं. अगदी हळू लावलं, आत कोणी आजारी झोपलंय अशा बेताने. वाईट त्यांना नक्कीच वाटलं असेल. वाईट वाटण्यात ही पेठ कधी कमी पडलेली नाही. मग सगळ्यांनी हात हलवले, इतके जोरात की गाडी परत वळवायची कोणाची छाती होऊ नये. शरच्चंद्रांनीही हात हलवला. जीप नाशिक रस्त्याला न लागता हडपसरकडे वळली, हे बघायला कोणी थांबलं नव्हतं.

दुपार कलताना मांजरीत, उसाच्या कडेला, नव्या टॉवरांच्या कुंपणापासून जरा लांब त्यांनी जीप लावली. पूर्वेकडे तोंड करायला बांध आडवा आला. त्यांनी खण ओढून शेगडीवर भात टाकला. भात शिजत असतानाच दीनानाथांचा फोन आला.

"काय, कुठवर?"

"नाशिक आलं," शरच्चंद्र म्हणाले.

"वा! हवा कशी आहे?"

"छान आहे."

दीनानाथांना खरं काय ते ठाऊक होतं, आणि त्यांना ते ठाऊक आहे हे शरच्चंद्रांनाही ठाऊक होतं.

"सावकाश जा," दीनानाथ म्हणाले. "परत यायची मुळीच घाई करू नका. इकडे सगळं ठीक आहे."

फोन बंद झाला. बांधावरून एक माणूस डोक्याला टॉवेल गुंडाळून येत होता, रानाचा मालक मच्छिंद्र. त्याने जीपला एक चक्कर मारली, भाताच्या पातेल्यात पाहिलं.

"काय फिरायला आलाय जणू?"

"हो. कॅम्पिंग."

"हितं न्हाय जमायचं, बाबा. उद्या तोड हाय, ट्रॅक्टर ह्याच वाटंनं यायचा."

"मग कुठे लावू?"

"ते मी काय सांगू? समदीकडं बिल्डिंगाच झाल्यात." तो जरा थांबला. "भात खाऊन घ्या. मग काढा गाडी."

शरच्चंद्रांनी मान हलवली आणि भात व्हायची वाट बघत राहिले.