साठाच्या पलीकडची भिंत

इंगळेबाईंच्या सातवी ‘ब’मधल्या पोराला साठ टक्के पडले, की दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोर शेजारच्या सातवी ‘अ’मध्ये बसलेलं असायचं. अर्ज नाही, विनंती नाही. मधल्या भिंतीतून जायचं. हजेरीपट उघडावा तर त्याचं नाव ‘अ’च्या पानावर, आणि तेही इंगळेबाईंच्याच अक्षरात. एक पोर गेलं की ती भिंत वीतभर इकडे सरकायची.

सोलापूरच्या यंत्रमागांच्या वस्तीतली ती लहानशी शाळा. तिथं याचं कुणाला काही वाटत नसे. जूनमध्ये ‘ब’चा पट अडतीस होता, दिवाळीला सव्वीस उरला. ‘अ’च्या बोल्लीबाईंचा निकाल मात्र शंभर टक्के. का नाही लागणार? पेरायचं एकीनं आणि खळं दुसरीच्या दारात! इंगळेबाईंचा नुसता जळफळाट व्हायचा, आणि तो लपवायची त्यांची तऱ्हा नव्हती. शिक्षकखोलीत त्या बोल्लीबाईंच्या डब्यातली चटणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या, बावीस वर्षं शेजारच्या वर्गात. त्यामुळे दुखणं दुप्पट.

बरं, नुसतं पोर जातं तर एक वेळ चाललं असतं. बळीराम येमूल गेला तेव्हा त्याच्या पायांत चप्पल नव्हती. सकाळी ‘अ’मध्ये बसला होता तो बूट घालून. माहितीच्या तक्त्यात त्याच्या बापापुढे ‘माग कामगार’ होतं, तिथं ‘नोकरी’ झालं होतं. घरी तेलुगू बोलणारं पोर, मातृभाषेच्या रकान्यात मराठी. इंगळेबाई तक्ता घेऊन तरातरा बोल्लीबाईंकडे गेल्या.

बोल्लीबाईंनी चष्मा लावून शांतपणे सगळं वाचलं. “माझ्या वर्गात पहिल्यापासून अशाच घरची मुलं येतात गं,” त्या म्हणाल्या.

त्या खोटं बोलत नव्हत्या, हीच तर चीड होती. अंगाचा तिळपापड झालेल्या इंगळेबाई परतल्या, तर भिंत आणखी जवळ आलेली. आता पलीकडचा बोल्लीबाईंचा गोड आवाज स्वच्छ ऐकू यायचा आणि ‘ब’ची पोरं मान तिरकी करून तोच ऐकत बसायची.

नाताळच्या आधी मुख्याध्यापक सुरवसे सरांनी बोलावून घेतलं. संक्रांतीनंतर पटपडताळणी आहे, म्हणाले. वीसच्या खाली पट गेला तर ‘ब’ तुकडी बंद, आणि बाई, तुम्ही अतिरिक्त. अतिरिक्त ठरलेल्या गायकवाड सरांचं पुढं काय झालं, ते इंगळेबाईंनी विचारलं. कोण गायकवाड, असं सुरवसे सरांनी विचारलं. गायकवाड सरांची छत्री त्यांच्यामागेच खुंटीला होती.

त्या दिवशी पट होता वीस.

मग बाईंनी शिकवणं बदललं. अपूर्णांक अर्धाच शिकवायचा. महाराष्ट्रातल्या नद्या उगमापर्यंत न्यायच्या आणि तिथंच सोडून द्यायच्या. पेपर तपासताना एकोणसाठ झाले की पेन खाली. पोरं वाया गेली तरी चालतील, पण त्या बोल्लीबाईच्या हाती लागता कामा नयेत. असं त्या मनात म्हणायच्या आणि रात्री त्यांना छान झोप लागायची. भिंत महिनाभर जागची हलली नाही.

पण लावण्या गुंडेटीचं काय करणार? आई विड्या वळणारी, घरात मराठीचा गंध नाही. पाचवीत आली तेव्हा पाणी मागायचं तर खूण करायची. इंगळेबाईंनी तिला मधल्या सुट्टीत समोर बसवून एकेक शब्द दिला होता. अर्धं शिकवलं तर ही उरलेलं स्वतः पुरं करायची. दिवाळीपर्यंत पन्नाशीतच अडकलेल्या या पोरीच्या पेपराची बेरीज आता त्र्याण्णव आली. बाईंनी तीनदा केली. मग वर लाल शाईनं एकोणसाठ लिहिलं आणि पेपर परत दिला.

लावण्या टेबलापाशी आली. तक्रार नव्हती तिच्या तोंडावर.

“बाई, माझं कुठं चुकलं?”

बाईंनी पेपर उलटला, पुन्हा सुलटा केला. चुकलं कुठंच नव्हतं. ही माझी आहे, हे सगळं माझं आहे, असं त्यांना ओरडावंसं वाटलं. भिंतीपलीकडे बोल्लीबाई कुणाला तरी शाबासकी देत होत्या. इंगळेबाईंनी एकोणसाठ खोडलं आणि त्र्याण्णव लिहिलं, मोठं, पानभर. लावण्या हसली. एवढं हसताना तिला बाईंनी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

सकाळी ती नव्हती. खोली आता इतकी अरुंद, की फळ्याकडे पाठ करून उभं राहिलं की पहिला बाक पोटाला लागायचा. आणि दारात पडताळणीचे साहेब तक्ता घेऊन उभे.

बाईंनी पोरं मोजली. एकोणीस. बावीस वर्षांची नोकरी एका डोक्यापायी चालली होती. त्यांनी पदर खोचला आणि तिसऱ्या बाकावर, लावण्याच्या जागी जाऊन बसल्या. गुडघे अगदी बेताचे मावले. शेजारच्या पोरीनं दप्तर सरकवून जागा दिली.

साहेब एकेकाला विचारत तिसऱ्या बाकाशी आले.

“मुलगी,” त्यांनी स्वतःच लिहिलं. “मातृभाषा?”

“मराठी.”

“आई काय करते?”

“विड्या वळायची. वारली.” हे बाईंनी या शाळेत कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

साहेबांनी तेही लिहिलं, शेवटपर्यंत मोजलं. वीस. पट बरोबर आहे, म्हणाले. बाईंच्या जिवात जीव आला. ‘ब’ तुकडी वाचली होती.

“आता सांगा,” साहेब रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले, “या वर्गाला शिकवतं कोण?”

इंगळेबाईंनी झटकन हात वर केला. साहेबांनी खुणेनं तो खाली घ्यायला लावला आणि सगळ्यांनी मिळून सांगा म्हणाले.

“बोल्लीबाई,” वर्ग एका सुरात म्हणाला. त्यात इंगळेबाईंचाही आवाज होता, आणि तो सगळ्यांहून मोठा होता.