रंगाच्या पाण्याची ओळ

पुस्तकाच्या एकशे बाराव्या पानावर, खालून पाचव्या ओळीशी, बोटभर रुंदीचा एक पट्टा बाकीच्या कागदापेक्षा काळसर आहे. बाबांच्या अंगठ्याचा तो डाग. शेजारच्या कुठल्याच पानावर तसा नाही.

पुस्तक हिब्रू, इटलीत छापलेलं. आजोबांनी एडनहून आणलेलं. बायकांनी पाळीनंतर आणि लग्नाआधी ज्या पाण्यात बुडी घ्यायची, त्याचे नियम त्यात आहेत. घागरीने ओतलेलं पाणी चालत नाही, झऱ्याचं लागतं. दुसरी प्रत मुंबईतही कुणी पाहिली नव्हती. अंबरनाथच्या आम्हा बेने इस्रायली ज्यू घरांमध्ये ती हिब्रू उलगडणारे बाबाच, म्हणून कुठलं पाणी चालतं ते बाबा सांगत. एमआयडीसीपलीकडची महिपतीची विहीर, असं ते सांगत.

१९८३च्या सुमारास कारखान्यांच्या सांडपाण्याने विहिरीचं पाणी पिवळं पडू लागलं. बाहेरून काही पडून रंग बदलला तर पाणी बाद, असं पुस्तक म्हणतं. पण त्या पाचव्या ओळीत एका जुन्या पंडिताचं मत होतं: रंगाऱ्याच्या पाण्याने नुसता रंग बदलला तर हरकत नाही. बाबांनी ती ओळ धरली, विहीर चालते म्हणाले.

आई दर महिन्याला उतरत राहिली. तिच्या पोटऱ्यांवर लहान, गोल जखमा होत. विचारलं की म्हणायची, "डास गं." १९८७मध्ये मूत्रपिंडं निकामी होऊन ती गेली. पाण्यामुळेच गेली, असं मी सिद्ध करू शकत नाही. पाण्यामुळे नाही, असंही सिद्ध करू शकत नाही.

दोन वर्षांनी धाकट्या बहिणीचं, सिगुलाचं लग्न ठरलं. बुडी कुठे घ्यायची, हे बाबा महिनाभर सांगेनात. विहीर बाद म्हटली की कधीपासून बाद, हा प्रश्न येणार होता. शेवटी मी बाटली घेऊन विहिरीवर गेले.

"आता भरून नेताव काय?" महिपती हसला. "माझ्या म्हशी तोंड लावीत नाय. तुमच्या देवाला चालतं. दांडगा देव हाय तुमचा!"

मी काम करत होते त्या प्रयोगशाळेत नमुना तपासला. क्रोमियम, मर्यादेच्या चाळीसपट. कागद बाबांपुढे ठेवला. लग्नाला चार दिवस होते.

"बाबा, मी बदलापूरला नदीवर जाते ना," सिगुला म्हणाली. "हो म्हणा, की संपलं."

"नदी चालते."

"आणि विहीर? हनोखकाकांची मोझेल पुढच्या महिन्यात तिथेच जाणारे. तिला काय सांगू?"

"ताईला विचार. तिच्याकडे कागद आहे."

"कागदावर पाण्यात काय आहे तेवढंच आहे, बाबा," मी म्हणाले. "चालतं की नाही, ते तुम्हीच सांगायचं. सगळे तुमचंच ऐकतात."

बाबांनी पुस्तक उघडलं, ते पान काढलं. बराच वेळ वाचत राहिले. ती ओळ त्यांना पाठ होती. सिगुला उठून त्यांच्या खुर्चीशी जाऊन उभी राहिली.

"बाद," ते म्हणाले. "मोझेलला सांग, विहीर बाद."

सिगुलाने मान हलवली. बाबा माझ्याकडे वळले.

"तुझी आई उतरायची, तेव्हाही बादच होती."