गडद प्रत

शेलूबाजारला अजितकुमार शेठच्या बियाण्याच्या दुकानामागे छोटं कार्यालय आहे. तिथल्या रंगीत झेरॉक्स मशीनवर योगिनीचा हात चांगला बसला होता. आधारकार्डाच्या दोन्ही बाजू एका पानावर घेणं, पुसट सातबारा गडद करून काढणं, सगळं तिला येत होतं. योगिनी सावळी होती. अठ्ठावीस वर्षांची होईपर्यंत सात स्थळं आली, चहा पिऊन परत गेली. आपल्याकडे मुलीच्या आधी तिचा रंग पाहुण्यांपुढे जाऊन बसतो.

सोमवारी दुपारी काकू सोजरबाई आपल्या मुलीचा, निताचा, बायोडाटा घेऊन आली. नावाखालीच ओळ होती : रंग गोरा.

“दहा काढ वं योगे, रंगीत. मेडशीचं स्थळ हाये, पोरगा बँकेत हाये.” काकू खुर्चीत टेकली. “मशीनले बी रंग हाये बाप्पा! तुलेच देवानं काळी-पांढरी काढली.”

“पांढरी कुठं दिसली काकू?” योगिनी हसली.

हसण्यामागे निताचा जुना हेवा होता. लहानपणी पाहुणे निताला मांडीवर घेत आणि तिला पाणी आणायला पाठवत. तिनं बायोडाटा काचेवर पालथा ठेवला. पडद्यावरची फिकट-गडदची पट्टी दोन घरं गडदकडे सरकवली. दहाही प्रतींत फोटोतले निताचे गाल मातकट आले. मूळ कागद वर ठेवून तिनं पाकीट बंद केलं. काकूनं उघडून पाहिलं नाही. प्रती तशाच मेडशीला गेल्या.

चौथ्या दिवशी तिकडून फोन आला. “लिवलं गोरा, अन् फोटोत पोरगी सावळी. आमाले फसवता काय?”

काकू घाबरली. बाजारातून गोरं करायचं कसलंसं मलम आणून तिनं गोऱ्या पोरीच्याच तोंडाला चोपडलं. सकाळी गालावर फोड आले. योगिनी भेटायला गेली तेव्हा निता आरशापुढे बसली होती.

“ताई, खरं सांग. मी काळी पडली काय?”

योगिनीला राहवेना. “नाही वं. म्या मशीनवर तुले काळं केलं. जळली मी तुह्यावर.”

“नागीण हायेस!” काकू ओरडली. तिनं तडक मोबाईलवरून निताचा मूळ फोटो मेडशीला पाठवला. तासाभरात गोड आवाजात फोन आला. “गैरसमज झाला जी. रविवारी पाह्याले येतो.”

निता योगिनीकडे पाहत होती. “येकच दिवस सावळी झाली मी, तर जेवण गेलं नाही. तू इतके वर्सं कशी राह्यली वं?”

मग तिनं आईच्या हातून फोन घेतला.

“येऊ नका जी. त्या कागदावरची पोरगी तुमाले नको होती. ते मीच होती.”

योगिनी आजवर प्रत्येक पाहुण्यापुढे मान खाली घालून बसली होती. नाही म्हणायचा हक्क आपलाही आहे, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. तिला निताचा पुन्हा हेवा वाटला, आणि या वेळी त्याची लाज वाटली नाही.