सगळे पुरवठादार हिरवे

सकाळी दहाच्या ठोक्याला कारखान्याच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं बसली, जोडणी विभागातले लोक चिंधीला हात पुसत दारातच उभे राहिले. सगळ्यांच्या माना समोरच्या मोठ्या पडद्याकडे. पडद्याशेजारी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात शीटमहाराज उभे होते.

"डोळे मिटा," ते म्हणाले.

हसू नका, दीडशे शिकल्यासवरल्या माणसांनी डोळे मिटले. त्यात मीही होते.

"आता उघडा."

पडद्यावर एक एक्सेल शीट होती. बेचाळीस ओळी, बेचाळीस पुरवठादार, आणि प्रत्येकापुढे हिरवागार चौकोन. तीन महिन्यांपूर्वी याच पडद्यावर त्यातले नऊ चौकोन लाल होते. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की खिडकीच्या काचा थरथरल्या. खरेदीवाल्या साहेबांचे तर डोळे भरून आले.

आमचा कारखाना जॅक बनवतो. चाक बदलताना गाडी उचलून धरतो, तो जॅक. त्याचे स्क्रू, पिना, पट्ट्या बाहेरच्या बेचाळीस ठिकाणांहून येतात. आलेला माल तपासणं हे माझं काम. एका खेपेला आलेल्या मालाला आम्ही लॉट म्हणतो. प्रत्येक लॉटमधले चार-सहा नग काढायचे, यंत्राखाली दाबून त्यांचा कठीणपणा मोजायचा आणि पास की नापास ते शीटमध्ये लिहायचं. नापास लॉट वाढले की त्या पुरवठादाराचा चौकोन लाल होतो. लाल चौकोन फार झाले की गिऱ्हाइकांचे तपासनीस येऊन साहेबांना उभे-आडवे प्रश्न विचारतात.

म्हणून हा सल्लागार आणला होता. कागदावरचं त्याचं पद लांबलचक होतं. 'शीटमहाराज' हे नाव कामगारांनी आधी थट्टेनं ठेवलं. नंतर नंतर त्यातली थट्टा कधी गेली ते कुणाला कळलंच नाही.

"तुम्ही पुरवठादारांशी नेमकं काय बोललात?" त्या दिवशी कुणीतरी विचारलं.

"एक शब्दही नाही," महाराज मंद हसले. "तुम्ही संशयानं बघता, म्हणून माल बिघडतो. आकड्यांनाही मन असतं. शीट निर्मळ ठेवा, माल निर्मळ येईल. मी फक्त सूत्र लिहिलं."

"ते सूत्र बघायला मिळेल?"

"सूत्र उघडं पडलं की त्याची ताकद जाते." आणि त्यांनी खिशाला हात लावला, जणू पासवर्ड तिथेच निजला होता.

त्याच दिवशी हुकूम निघाला: हिरव्या पुरवठादाराचा माल न तपासता थेट जोडणीला जाईल. सगळेच हिरवे, त्यामुळे माझं टेबल रिकामं झालं.

आता माझी लाज सांगते. त्या तीन महिन्यांत पिनवाल्याचे चार लॉट मी स्वतः नापास करून परत पाठवले होते. त्याच्या पिना ठिसूळ होत्या, हातोडीच्या एका ठोक्यात खडूसारख्या तुटत. तरी पडद्यावर त्याला शंभरपैकी शंभर! अशा वेळी शहाण्या माणसानं कशावर संशय घ्यावा? शीटवर. मी माझ्या यंत्रावर घेतला. ते बाहेर पाठवून तपासून आणलं. यंत्र बरोबर निघालं. मग मी स्वतःवर संशय घेतला. पडद्यावर एवढं मोठं हिरवं दिसत असताना आपलंच काहीतरी चुकत असणार, असं मला मनापासून वाटलं. तरी धीर करून एकदा महाराजांकडे गेले.

"पिनवाल्याचे चार लॉट नापास आहेत, सर. मग हिरवा कसा?"

"बाई, तुम्ही थेंब मोजताय. मी समुद्र बघतोय."

समुद्र म्हटल्यावर पुढे काय बोलणार? मी मान डोलावून परत आले. ती मान अजून मला टोचते.

त्यानंतर अकराव्या दिवशी पिनवाल्याचा पाचवा लॉट आला आणि हुकमाप्रमाणे सरळ जोडणीला गेला.

जोडणीनंतर दर दहावा जॅक चाचणीच्या बाकावर वजनाखाली ठेवून बघतात. त्या बाकावर बावीस वर्षं एकच फिटर काम करत होता: माझ्या ताईचे यजमान, माझे भाऊजी. बाकाला तीन बाजूंनी जाळी होती. चौथ्या बाजूला वजन दाखवणारा काटा होता आणि तो वाकूनच वाचावा लागे. भाऊजी वाकले आणि पिन तुटली.

मी धावत गेले तेव्हा ते जमिनीवर बसले होते. उजव्या डोळ्यावर तळहात, बोटांमधून रक्त. मला बघून म्हणाले, "आधी बाक बंद करा. कुणीतरी हात घालेल."

डोळा गेला.

तीन आठवड्यांनी चौकशीचा अहवाल घरी आला. 'कारण: कामगाराचा निष्काळजीपणा. पिनच्या पुरवठादारास शंभर गुण असून मालात दोष संभवत नाही.' भाऊजींनी तो उरलेल्या डोळ्यानं दोनदा वाचला.

"वाकलो हे खरं आहे," ते म्हणाले. "पण वाकल्याशिवाय काटा दिसतो कुठे?"

ताईनं अहवाल घडी करून पर्समध्ये ठेवला. ती सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे, आवाज चढवायची तिला सवयच नाही. रविवारी दुपारी तिनं मला बोलावून घेतलं.

"ती शीट तुझ्याकडे आहे?"

"आहे. महाराज दर महिन्याला सगळ्यांना पाठवतात. पण सूत्रं कुलपात आहेत. नावांचा रकाना तेवढा उघडा असतो, नवा पुरवठादार घालता यावा म्हणून."

"पिनवाला दाखव."

मी दाखवला. एका पानावर माझ्या हातच्या चार नापास नोंदी. दुसऱ्या पानावर, गुणांच्या यादीत, त्याच नावापुढे नापास लॉट: शून्य.

"दोन्हीकडे नाव तेच आहे?"

"अगं, तेच. अक्षर न् अक्षर."

ताईनं गुणांच्या यादीतल्या नावावर टिचकी मारली आणि बाणाची कळ दाबत शेवटच्या अक्षरापर्यंत गेली. मग अजून एकदा दाबली. कर्सर एक घर पुढे सरकला.

"नाव तर इथे संपलं," ती म्हणाली. "मग हा पुढे कसा गेला?"

मी पडद्याजवळ डोळे नेले.

"नावामागे एक रिकामी जागा आहे. माणसाला ती दिसत नाही, संगणकाला दिसते. त्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसं आहेत. आमच्याकडे एका लेखकाचं नाव दोन तऱ्हेनं लिहिलं गेलं होतं. वाचक विचारायचा आणि आम्ही म्हणायचो, त्यांचं दुसरं पुस्तक आमच्याकडे नाही. पुस्तक मागच्या कपाटात धूळ खात होतं. तेव्हापासून आम्ही नावावर विसंबत नाही. प्रत्येक पुस्तकाला नंबर. तुमच्या पुरवठादारांना नंबर नाहीत?"

"नाहीत. नावानंच चालतं सगळं."

"मग बेचाळीसही नावं बघू."

आम्ही एकेका नावाच्या शेवटी जाऊन कळ दाबली. संपेपर्यंत दोन तास गेले. शेवटी ताईनं चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाली, "तुमच्या साहेबांना सांग, अहवालावर आमची हरकत आहे. आणि मी बरोबर येणार."

बैठक त्याच सभागृहात झाली. मोठे साहेब, खरेदीवाले साहेब, महाराज, आणि भिंतीला लागून निम्मा कारखाना. भाऊजी पट्टी बांधून कडेला बसले होते.

"मी पुस्तकं लावणारी बाई," ताईनं सुरुवात केली. "मला यातलं फार कळत नाही. यादीत एक नवा पुरवठादार घालून दाखवता का?"

महाराज खुलले. "अवश्य! नाव?"

"लिहा: कोणीच नाही."

भिंतीपाशी हशा पिकला. महाराजांनीही हसत हसत टाईप केलं आणि कळ दाबली. 'कोणीच नाही'च्या पुढे हिरवा चौकोन उमटला. शंभरपैकी शंभर.

हशा थांबला.

"यांनी माल कधी पाठवला?" ताईनं विचारलं.

"पाठवला... म्हणजे, अजून नाही."

"मग शंभर गुण कसले?"

"ते... तो प्रारंभिक विश्वास आहे," महाराज म्हणाले. त्यांच्या पांढऱ्या कॉलरला घामाची रेघ आली होती.

"विश्वास नाही. तुमची शीट नापास लॉट शोधते. सापडले नाहीत की शून्य धरते, आणि शून्य नापास म्हणजे शंभर गुण. माल चांगला असला तरी शंभर, माल आलाच नसला तरी शंभर, आणि नाव जुळलं नाही तरी शंभर." ताई माझ्याकडे वळली. "पिनवाल्याच्या नावाच्या शेवटी जा. तिथली रिकामी जागा पूस."

मी संगणकापाशी गेले. मी कळ दाबली. हिरवा चौकोन लाल झाला.



"सूत्रात काही तांत्रिक चूक दिसते," खरेदीवाले साहेब घाईनं म्हणाले. "टंकलेखनाची. होतं असं."

"होतं," ताई म्हणाली. "पण चूक असती तर ती कुठेही पडली असती. बेचाळीस नावांपैकी फक्त नऊ नावांच्या मागे रिकामी जागा आहे. आणि ती नऊ कुठली? महाराज येण्याआधी लाल होती, नेमकी ती. चुकीला एवढं नेमकं कसं सुचलं?"

मी उरलेल्या आठ रिकाम्या जागा पुसल्या. आठही चौकोन एकेक करून लाल झाले. महाराज पडद्याकडे पाहत नव्हते, दाराकडे पाहत होते.

"तुम्हाला हिरवं हवं होतं, साहेब," ते अखेर मोठ्या साहेबांना म्हणाले. एवढं एकच वाक्य त्यांनी इतक्या महिन्यांत खरं बोललं असेल. मोठ्या साहेबांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

महाराजांना हाकललं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. त्यांना आभाराचं पत्र देऊन निरोप दिला, कारण त्यांची लबाडी कबूल करायची तर आपण डोळे मिटले होते हेही कबूल करावं लागलं असतं. आता ते दुसऱ्या एका कारखान्यात आहेत. तिथलेही चौकोन हिरवे होऊ लागलेत, असं ऐकते.

अहवालातला 'निष्काळजीपणा' खोडून 'सदोष पिन' लिहिलं गेलं. भाऊजींना अवजारं देण्या-घेण्याच्या खिडकीवर काम मिळालं. एका डोळ्यानं अंतर नीट कळत नाही. चहा ओततात तो कपाच्या कडेला पडतो, आणि ताई फडकं पुढे करते.

शीट बंद झाली. आमच्या संगणक विभागानं दोन महिने खपून डेटाबेस बांधला. त्यात प्रत्येक पुरवठादाराला एक नंबर आहे, नाव फक्त एकाच जागी लिहिलेलं आहे. प्रत्येक लॉट, प्रत्येक तपासणी त्या नंबराला बांधलेली. कुणी, कधी, काय बदललं ते पुसता येत नाही. आणि तपासणीच झाली नसेल तर तिथे हिरवं उमटत नाही, करड्या रंगात 'तपासलेलं नाही' असं येतं. पहिल्या दिवशी नऊ लाल आणि सहा करडे दिसले. मोठे साहेब खुर्चीवरून उठून पडद्याजवळ आले.

"हे जरा सौम्य रंगात दाखवता येईल का?" ते म्हणाले.

म्हणून वाचणाऱ्याला हात जोडून सांगते, आणि हे फक्त कारखान्यांसाठी नाही. कुणी पडद्यावर, कागदावर, तळहातावर तुम्हाला चमत्कार दाखवला, तर टाळ्या वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे कुणी मोजलं? मला पुन्हा मोजून बघता येईल का? आणि जे मोजलंच नाही, ते तुम्ही कुठल्या खात्यात घातलं? उत्तर देणारा चिडला, हसला किंवा समुद्राच्या गोष्टी बोलू लागला, तर समजा की तिथे एक रिकामी जागा आहे. आपल्याला प्रश्न पडला तर आधी आपणच चुकलो असं धरू नका. मी धरलं होतं. त्याची किंमत दुसऱ्याच्या डोळ्यानं मोजली.

मागच्या आठवड्यात स्टोअरवाला पिनांची नवी पेटी घेऊन माझ्या टेबलाशी आला. पुरवठादार नवा होता, त्याचे पहिले तीन लॉट पास झाले होते.

"मॅडम, याचं बघायला नको," तो म्हणाला. "डेटाबेसनंच हिरवा दाखवलाय. तो काय खोटं बोलणार आहे?"

"मी त्यात खोटं लिहिलं, तर तो माझं खोटंही जपून ठेवील," मी म्हणाले. "पेटी उघडा."

त्यानं कुरकुरत पेटी फोडली. मी मधल्या थरातून सहा पिना काढल्या आणि पहिली यंत्राखाली ठेवली.